कुणीच न छेडलेला गंधार

गोंदिया स्टेशनवरून रोज सकाळी महाराष्ट्र एक्सप्रेस सुटते. तिरोडा, तुमसर, भंडारा, नागपूर करत करत ती अख्खा महाराष्ट्र आडवा पार करते आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठते. तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर, आणि ते सगळं एकाच राज्यातलं! या गाडीने कधी गेलात तर कोल्हापूरच्या जरा अलीकडे, सांगली सोडली की मिरज लागेल. तिथे उतरा. बाहेर पडून सतारमेकर गल्ली कुठे आहे एवढंच विचारा, कुणीही दाखवेल.

त्या गल्लीतल्या कारखान्यांत वर पाहिलं की भोपळे दिसतात. माळ्यावर रचलेले, खुंटीला टांगलेले, कोपऱ्यात एकावर एक ठेवलेले. मोठ्या भोपळ्याचा घेर चार फुटांहून जास्त. खाली जमिनीवर बसून कुणी लाकूड तासत असतं, कुणी कानस चालवत असतं, कुणी दांडीवर नक्षीची पानं चिकटवत असतं. इथे सतारी आणि तंबोरे बनतात, हाताने, एकेक करून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडच्या नागपुरी संत्र्याला आणि भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला आहे ना, तेच.

या लोकांचे पूर्वज कोण होते माहीत आहे? शिकलगार. म्हणजे तलवारी, भाले, खंजीर घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. इंग्रजांचं राज्य आलं, हत्यारांची मागणी आटली आणि हातातलं कसब रिकामं बसलं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, दरबारात गवई येत, आणि त्यांची वाद्यं मोडली की दुरुस्त करायला जवळपास कुणी नसे. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने हे काम अंगावर घेतलं, अशी हकीकत मिरजेत सांगतात. दुरुस्ती करता करता वाद्याच्या आत काय असतं ते कळलं आणि मग नवीच वाद्यं घडू लागली. पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. तलवारीची धार तपासणारं बोट आणि तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तपासणारं बोट एकच. केसाएवढा फरक दोन्हीकडे कळावा लागतो.

हा केसाएवढा फरक कुठे आणि कशाला लागतो, हे समजून घ्यायला तारेपासून सुरुवात करू.

तुमच्यापैकी कितीतरी जणांना गिटार हवी असते. गिटार असो, सतार असो की तंबोरा, सगळीकडे आवाज तारेतून येतो असं आपण म्हणतो. पण एक करून बघा. बांबूची बारीक काडी हातात घ्या आणि तिने स्वतःला वारा घाला. काही होणार नाही. आता आईच्या हातातलं सूप घ्या आणि तसंच हलवा. बघा, केस उडतील! काडी पुढे सरकते तेव्हा तिच्या पुढची हवा दबते खरी, पण ती लगेच काडीच्या बाजूने सटकून मागच्या मोकळ्या जागेत जाते. दाब तयार होण्याआधीच मिटतो. तारेचंही हेच होतं. ती सेकंदाला शेकडो वेळा थरथरते, पण इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटते. नुसती तार दोन खिळ्यांमध्ये ताणून भिंतीवर लावली तर समोरच्या माणसाला जेमतेम ऐकू येईल.

म्हणून तारेचा थरथराट एखाद्या रुंद, पातळ, हलक्या फळीकडे पोचवावा लागतो. तंबोऱ्यात तिला तबली म्हणतात. तार ज्या छोट्या पुलावर टेकते ती घोडी. तार घोडीला हलवते, घोडी तबलीला हलवते आणि तबली एवढ्या मोठ्या पृष्ठभागाने हवा ढकलते की तिला बाजूने सटकायला वेळच मिळत नाही. शाळेत नादकाटा असेल तर तो वाजवून त्याची दांडी बाकावर टेकवा. क्षणात आवाज मोठा होईल. काट्याची ताकद वाढलेली नसते, उलट तो आता लवकर थंडावतो. कारण तेवढीच शक्ती बाक घाईघाईने हवेला वाटून टाकतो.

मग वाद्याचा बाकीचा भाग कशाला? हा प्रश्न स्पेनमधल्या अंतोनियो दे तोरेस नावाच्या गिटार घडवणाऱ्यालाही पडला होता. आज जी गिटार तुम्ही बघता, तिचा आकार आणि आतली रचना पक्की करण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. त्याने पुढच्या फळीला आतून पातळ पट्ट्यांचा आधार दिला, म्हणजे फळी हलकीही राहील आणि तारांच्या ओढीने वाकणारही नाही. आणि १८६२ साली त्याने एक भन्नाट गिटार बनवली. पुढची फळी उत्तम लाकडाची, पण बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची! चांगल्या गिटारीचा जीव पुढच्या फळीत असतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती पुठ्ठ्याची गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. विज्ञानातला प्रयोग यापेक्षा वेगळा काय असतो? एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि ऐका.

मिरजेचे कारागीर हेच दुसऱ्या वाटेने साधतात. तंबोऱ्याची पाठ म्हणजे भोपळा. हा भोपळा भाजीचा नाही बरं का! पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या शेतांत तो मुद्दाम पिकवतात. चवीला जहर कडू. कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे तो कडू लागतो, आणि ते द्रव्य खरोखरच विषारी असतं, तेव्हा चाखायच्या भानगडीत पडू नका. फळ पूर्ण पिकून वेलावरच वाळू लागतं तेव्हा त्याच्या सालीत लिग्निन भरतं. झाडाच्या खोडाला जे कडक करतं, तेच हे लिग्निन. आतला गर वाळतो आणि बाहेर लाकडासारखी टणक पण वजनाला अगदी हलकी कवटी उरते. आपल्या जंगलपट्टीत वाळक्या तुंब्यात पाणी नेणारी जुनी माणसं तुम्ही पाहिली असतील किंवा आजीकडून ऐकली असतील. त्याच कुळातला हा भोपळा.

कारागीर हा भोपळा आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे कापताना तो तडकत नाही. मग तोंड कापायचं, आतलं बी आणि गराची जाळी खरवडून काढायची, आणि कडा आत वळू नयेत म्हणून आडव्या काड्या लावून पुन्हा वाळू द्यायचा. दांडी आणि तबली बहुतेक वेळा तून नावाच्या झाडाच्या लाकडाची. तांबूस, हलकं आणि मुरलेलं लाकूड लागतं. मुरलेलं म्हणजे नुसतं वरून कोरडं नव्हे, आतल्या पेशींमधलंही पाणी गेलेलं. ओलं लाकूड नंतर वाळताना आक्रसतं, मग दांडी पिळवटते आणि तारा कधीच सुरात राहत नाहीत. तबली तासताना कारागीर मधून मधून बोटाच्या पेराने ठोकून ऐकतात. बद्द आवाज आला की अजून थोडं लाकूड काढायचं. किती? ते कुठल्याच पट्टीवर लिहिलेलं नसतं. एकदा जास्त निघालं तर परत घालता येत नाही.

वाद्य जुळलं की त्यावर चमक चढवायची. इथे आपल्या गोंदियाकरांनी कान टवकारावेत, कारण जुनी आणि उत्तम चमक असते लाखेची. आपल्याकडे पळसाच्या झाडावर लाख येते. लाखेचा किडा जन्मतो तेव्हा डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसेल इतका बारीक, तांबड्या ठिपक्याएवढा असतो. तो कोवळ्या फांदीवर एकदा बसला की तोंडाची सुई सालीत खुपसतो, रस पितो आणि अंगातून राळ पाझरवून स्वतःवर घर बांधतो. असे हजारो किडे शेजारी शेजारी बसले की फांदीवर लाखेचा जाड थर चढतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ पत्रे ओढून जी बनते ती चपडा लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने वाद्यावर पुसायची. स्पिरिट उडून जातं, लाखेचा अतिशय पातळ थर मागे राहतो. असे थरावर थर चढवायचे. तबलीवर जाड रंग फासला तर तिचं वजन वाढेल आणि ती सुस्त होईल. लाख मात्र पातळ आणि कडक बसते, थरथराटाला अडवत नाही. स्पेनमधल्या तोरेसच्या वारसदारांनीही आपल्या भारी गिटारींना लाखेचंच पॉलिश निवडलं. पळसाच्या फांदीवरचा एवढासा किडा, आणि त्याची राळ गिटारीपर्यंत!

आता घोडीकडे येऊ. इथे गिटार आणि तंबोरा यांच्या वाटा अगदी उलट्या जातात.

गिटारमध्ये तार एका अरुंद, धारदार पट्टीवर टेकते. तार कुठे सुरू झाली हे तिथे पक्कं ठरतं. वाजवताना तार कुठे घासून झणझणली तर गिटारवाला म्हणतो, बिघडलीय, दुरुस्तीला न्या. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते, दोन बोटं सहज मावतील एवढी. पूर्वी तिच्यासाठी हस्तिदंत आणि सांबराचं शिंगही वापरत. आता त्यावर कायद्याने बंदी आहे, आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला त्याचं कारण वेगळं सांगायला नको. आता हाड, कठीण लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. या घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो, पण डोळ्याच्या रेषेत धरून पाहिला तर तो किंचित उतरता, गोलसर असतो. त्या उताराला म्हणतात जवारी.

जवारी लावताना कारागिराला बघणं म्हणजे पर्वणी. तंबोरा मांडीवर आडवा घेऊन ते घोडीच्या माथ्यावर बारीक कानस दोन-तीनदा फिरवतात. भुकटी फुंकून टाकतात. तार पुन्हा घोडीवर चढवतात, खुंटी पिळून सुरात आणतात, छेडतात आणि ऐकतात. तार उतरवतात, अजून एकदा कानस. पुन्हा तार, पुन्हा कान. चारही तारांसाठी हे वेगवेगळं, कारण जाड तारेला वेगळा उतार लागतो आणि बारीक तारेला वेगळा. नंतर तार आणि घोडी यांच्या मध्ये एक साधा सुती दोरा सरकवतात आणि तो नखाने पुढे-मागे करतात. एका जागी तार मुकी वाटते. दोरा जरासा हलला, आणि अहाहा! तोच सूर उमलतो, झंकारतो, कितीतरी वेळ फिरत राहतो.

असं काय झालं? तार थरथरताना दर हेलकाव्याला घोडीच्या उतारावर किंचित टेकते आणि किंचित सुटते. टेकली की तिची मोकळी लांबी कमी होते, सुटली की वाढते. या हलक्या चाटून जाण्यामुळे तारेची शक्ती एका मोठ्या हेलकाव्यात अडकून न राहता बारीक बारीक कंपनांमध्ये वाटली जाते. दोरा तारेला नेमकं तेवढंच वर उचलतो, जेवढ्याने हे चाटणं सुरू होईल. जास्त उचललं तर तार टेकतच नाही, कमी उचललं तर खरखरते.

ही बारीक कंपनं कुठली? कोणतीही तार एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते. सगळीच्या सगळी एकदम, आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच... दोन भागांतला थरथराट दुप्पट वेगाचा, तीन भागांतला तिप्पट. आता थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं की तार बरोबर मधोमध छेडली तर दोन, चार, सहा भागांतली कंपनं निघणारच नाहीत. कारण त्या कंपनांत मधला बिंदू स्थिर असतो, आणि तुम्ही तर नेमका तोच हलवलात. साध्या तारेसाठी हे खरं आहे.

पण १९२१ साली कोलकात्यात एका प्राध्यापकाने तंबोरा आणि वीणा घेऊन हे तपासलं. गंमत म्हणजे तिथे हा नियम चक्क मोडला! जी कंपनं निघायला नकोत, तीच तंबोऱ्यातून ठणठणीत ऐकू येत होती. त्याचं कारण त्यांनी घोडीच्या त्या उतारात शोधलं. या प्राध्यापकांना तुम्ही ओळखता. चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशाच्या संशोधनाबद्दल त्यांना १९३० साली नोबेल मिळालं आणि त्यांच्या शोधाची आठवण म्हणून आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो. पण त्याआधी कित्येक वर्षं ते वाद्यांच्या मागे लागले होते, हे विज्ञान दिनाच्या भाषणांत फारसं कुणी सांगत नाही. सांगायला हवं. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला तंबोऱ्याच्या घोडीत एवढं काही दिसलं, म्हणजे ती किती खोल गोष्ट असेल!

आता वही-पेन घ्या, कारण खरी जादू गणितात आहे.

तंबोऱ्याला चार तारा. मधल्या दोन सारख्याच, त्यांना जोड म्हणतात, त्या षड्जात म्हणजे 'सा'मध्ये लावतात. पहिली तार बहुतेक वेळा खालच्या 'प'मध्ये. शेवटची, जाड पितळेची, खरज, म्हणजे आणखी खालचा 'सा'. समजा जोडाच्या तारा सेकंदाला १४० वेळा थरथरतात. मग खरज त्याच्या निम्मा, ७०. आणि खालचा 'प' १०५. चारही तारांत मिळून स्वर किती? दोनच. सा आणि प.

खरजाची ७० कंपनं घ्या आणि त्या तारेच्या भागांचा हिशोब मांडा. दोन भागांत १४०, म्हणजे जोडाचाच 'सा'. तीन भागांत २१०, आणि 'प'च्या तारेची दुप्पटही २१०च. चार भागांत २८०, वरचा 'सा'. आणि पाच भागांत ३५०. हा कोणता स्वर? वरचा 'सा' २८०, त्याच्या सव्वापट ३५०. सव्वापट म्हणजे शुद्ध गंधार. सा रे ग मधला 'ग'!

तंबोऱ्यावर 'ग'ची तार नाही. 'ग' कुणी छेडलेला नाही. तरीही जवारी नीट लागलेली असेल आणि तारा सुरात मिळाल्या असतील तर गंधार स्पष्ट ऐकू येतो. जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खरजाच्या तारेत पहिल्यापासून होताच, पण फार दबलेला. घोडीच्या उताराने त्याला बळ दिलं. मिरजेतला कारागीर कानस फिरवून फिरवून ज्याची वाट बघत असतो, त्यात हा गंधारही असतो.

गिटारीवर हाच 'ग' काढायला गेलात तर जरा वेगळा येतो. गिटारीच्या पट्ट्या एका सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ठोकलेल्या असतात. त्या हिशोबाने २८०च्या 'सा'चा गंधार साधारण ३५३ येतो. ३५० आणि ३५३ एकत्र वाजले की आवाज सेकंदाला तीनदा हेलकावतो. चांगल्या कानाला ते लगेच खटकतं. सतारीचे पडदे मात्र दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात, म्हणून सतारिया प्रत्येक रागासाठी ते हलवून बरोबर जागी आणू शकतो.

असाच चांगला कान असलेले एक गवई मिरजेत होते, किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. ते मिरजेत येऊन राहिले, १९३७ साली वारले आणि मिरजेतच त्यांचं दफन झालं. भीमसेन जोशी तुम्हाला माहीत आहेत ना? त्यांचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे गुरू हे खाँसाहेब. सुरेलपणासाठी ते इतके काटेकोर होते की वाद्यांची जवारीसुद्धा स्वतः लावत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. गाणारा आणि घडवणारा एकाच गावात असले की असंच होतं. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने घासायचं, मग पुन्हा दोघांनी मिळून ऐकायचं.

जवारी कायमची टिकत नाही, हेही सांगायला हवं. पोलादी तारा वाजून वाजून घोडीवर बारीक चर पाडतात आणि गंधार पुन्हा दबू लागतो. म्हणून गवई तंबोरा घेऊन कारागिराकडे परत येतात. मोबाइलमधला तंबोरा सोयीचा आहे, रियाजाला चालतो, पण त्यात दोरा सरकवता येत नाही.

तुमच्या गावातल्या भजनी मंडळाकडे किंवा गोंदियातल्या एखाद्या संगीत क्लासमध्ये खरा तंबोरा असेल. मोठ्यांना विचारून त्याच्याजवळ बसा. आधी सगळे दोरे काढायला सांगा आणि तारा ऐका. मग एकेका तारेखाली दोरा घालून तो अगदी हळू सरकवायला सांगा, आणि कुठे आवाज उमलतो ते बघा. सुरुवात पितळेच्या जाड तारेपासून करा. छेडल्याबरोबर काही कळणार नाही, थोडं थांबा. मोठा 'सा' ओसरू लागला की त्याच्या वरच्या अंगाला 'ग' ऐकू येईल. आला की पेटीवर तो स्वर वाजवून ताळा करून घ्या. पेटीचा 'ग' किंचित चढा निघाला तर तुमचा कान बरोबर आहे.